गळती कसून थांबत नाही, शोधून थांबते
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने साधा आहे. जुन्या पिकअपच्या इंजिनाखालून जे ऑईल टपकते, ते कसे थांबवायचे, एवढेच मला सांगायचे आहे. हा काय बैठकीचा विषय, असे कोणाला वाटेल. म्हणून आधी हिशेब मांडतो, मग पान्याकडे वळतो.

समजा, तुमची गाडी दर दहा सेकंदांना एक थेंब गाळते. दिवसाचे झाले ८,६४० थेंब. साधारण २५ थेंबांचे एक मिलिलिटर धरा. म्हणजे दिवसाला साडेतीनशे मिलिलिटर गेले आणि तीन दिवसांत लिटरभर. बऱ्याच इंजिनांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत लिटर-दीड लिटरचाच फरक असतो. सोमवारी वरच्या खुणेला असलेले ऑईल आठवड्याच्या बाजारापर्यंत खालच्या खुणेला आले, तरी मालक म्हणतो, "थोडंसं टपकतंय, चालायचंच."

इंजिनातला क्रँक बेअरिंगवर फिरतो तो ऑईलच्या पातळ थरावर. तो थर तुटला की लोखंडावर लोखंड घासते. बेअरिंग जाते, क्रँकला चरे पडतात, इंजिन जाम होते. मग जे काम निघते त्यात काही एकरांचा कापूस जातो. ज्या पॅकिंगमुळे हे सारे झाले, त्याची किंमत त्या कामाच्या बिलापुढे किरकोळ असते.

१९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागत. तो एकाधिकार आता राहिला नाही आणि रांगेत बैलगाडीच्या जागी पिकअप आली. बैल थकला तर त्याला सोडून बांधता येत होते. पिकअप रस्त्यात बंद पडली तर कापूस रात्रभर दव पीत उभा राहतो. सीसीआय ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याला भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. आणखी एक गोष्ट. गळके ऑईल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडते आणि वर कापूस भरलेला असतो. याच्यापुढे मी काही बोलायची गरज नाही.

चेंबर म्हणजे काय

इंजिनाच्या पोटाखाली पत्र्याची परात असते, तिला मेकॅनिक चेंबर म्हणतात. सगळे ऑईल तिथे उतरते आणि तिथूनच पंप ते वर ओढतो. चेंबर आणि इंजिन यांच्या मध्ये पॅकिंग असते. काही गाड्यांत ते बुचाच्या लाकडाचे म्हणजे कॉर्कचे असते, काहींत रबराचे, काहींत कागदाचे. काही इंजिनांना पॅकिंगच नसते, नुसता सिलिकॉनचा थर असतो. वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन पॅकिंग वाळते, आकसते, चिरते आणि ऑईल झिरपू लागते.

आपल्या जुन्या पिकअपला हाताने गिअर टाकावे लागतात. तिच्या गिअरबॉक्सला असे मोठे पत्र्याचे चेंबर नसते. अमेरिकेत मात्र जुन्या पिकअपलाही बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याच्या खाली असेच पत्र्याचे चेंबर असते आणि त्यात लालसर पातळ ऑईल असते. आता आपल्याकडेही तशा गाड्या आल्या आहेत. कोणाकडे ती असेल तर पॅकिंग बसवण्याचे नियम हेच. ऑईल मात्र त्या गिअरबॉक्सच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घालायचे, दुसरे नाही.

आधी भगदाड शोधा

शेतात पाणी खोलगटात साचते, पण बांध फुटलेला असतो वर. साचलेल्या जागी माती टाकून बांध सांधत नाही. गाडीचेही तसेच आहे. ऑईल कुठूनही निघाले तरी ओघळत सगळ्यांत खालच्या भागात म्हणजे चेंबरवरच येते. त्यात गाडी चालताना वारा ते मागे ढकलतो. म्हणून चेंबर ओले दिसले की चेंबरचे पॅकिंग गेले, असे समजू नका.

इंजिन थंड असताना खालचा भाग डिझेल आणि ब्रशने धुऊन काढा आणि कोरडा पुसा. वर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर फुंका. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका. दुसऱ्या दिवशी थोडे अंतर चालवून आणा आणि बॅटरी घेऊन पाहा. पांढऱ्या पावडरीवर काळी वाट कुठून सुरू होते, ते वरून खाली शोधा.

सगळ्यांत वर टॅपेट कव्हर. त्याचे पॅकिंग गेले असेल तर काम सोपे, गाडीखाली जायलाच नको. मग ऑईल फिल्टर आणि त्याच्याजवळचा ऑईल दाबाचा स्विच. मग समोरच्या पुलीमागचे ऑईल सील. मग ऑईल सोडायचा नट आणि त्याचा वॉशर. हे सगळे कोरडे असेल आणि चेंबरच्या कडेलाच ओल असेल, तरच चेंबर उतरवा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, तिथून ऑईल टपकत असेल तर जास्त सावध व्हा. तिथे दोन शक्यता असतात. ऑईल काळे आणि पातळ असेल तर ते इंजिनाचे, म्हणजे बहुधा मागचे क्रँक सील गेले. घट्ट असेल आणि नाकाला गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑईल, म्हणजे गिअरबॉक्सचे पुढचे सील गेले. दोन्ही कामांना गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. ते काम गॅरेजमध्येच करा. पण कोणते ऑईल आहे हे स्वतः पाहून जा, म्हणजे तुमच्याकडून चेंबर पॅकिंगचे पैसे घेऊन गळती तशीच राहणार नाही.

श्वासाची नळी

अजून एक गोष्ट कोणी पाहत नाही. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून इंजिनाला श्वासाची नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आपल्या रस्त्यांची धूळ आणि ऑईल मिळून ती नळी चोंदते. मग आतला वायू जाणार कुठे? तो प्रत्येक सीलमधून, प्रत्येक पॅकिंगमधून ऑईल बाहेर ढकलतो. नळी काढा, डिझेलने धुवा, फुंकून पाहा. कित्येकदा एवढ्यावरच गळती कमी होते.

इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण उघडा. थोडी वाफ येणे ठीक. पण धुराचा भपकारा जोराने येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनाला नवे पॅकिंग टाकले तरी ते पुन्हा गळणार. तिथे पॅकिंगवर खर्च करण्याआधी इंजिनाचे काम करायचे की गाडी विकायची, हे ठरवा. आणि ऑईल वरच्या खुणेच्याही वर भरायची सवय असेल तर ती सोडा. जास्त ऑईलही गळती वाढवते.

गाडीखाली जाण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नसतो. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. काळ्या मातीच्या शेतात हे काम नको, जॅक रुततो. चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. उचलल्यावर चेसीखाली लोखंडी स्टँड द्या. स्टँड नसतील तर बाभळीसारख्या कठीण लाकडाचे रुंद ठोकळे आडवे-उभे रचा. विटांवर गाडी ठेवू नका. वीट भार घेते घेते आणि अचानक फुटते. गाडी हाताने जोरात हलवून पाहा, मगच खाली जा. मुलांना लांब ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

इंजिन कोमट असताना ऑईल सोडा. कडक गरम ऑईलने हात भाजतो आणि थंड ऑईल पूर्ण निथळत नाही.

चेंबर उतरवताना

बहुतेक गाड्यांना दहा-अकरा आणि बारा-तेराचे रिंग पाने पुरतात. उघडा पाना वापरू नका, बोल्टचे डोके गोल होते. एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढा, भोके पाडा आणि जिथला बोल्ट तिथेच खोवा. काही बोल्ट लांब असतात. ते चुकीच्या भोकात गेले तर आटा जातो.

काही गाड्यांत पुढचा आडवा बीम किंवा ॲक्सल आड येतो आणि इंजिन थोडे उचलल्याशिवाय चेंबर निघत नाही. तुमच्या गाडीला तसे आहे का, हे मेकॅनिकला आधी विचारून घ्या.

बोल्ट काढल्यावरही चेंबर चिकटून राहते. तिथे छिन्नी किंवा पेचकस ठोकायचा मोह होतो. तो आवरा. त्याने जो चरा पडतो, तिथून आयुष्यभर गळते. लाकडाचा ठोकळा बाजूला धरून हातोडीने हलके ठोके द्या, किंवा पातळ पात्याची सुरी कडेने फिरवा.

तळ वाचा

चेंबर उतरले की लगेच धुऊ नका. तळाशी काय बसले आहे ते पाहा. काळा चिखल असेल तर ऑईल वेळेवर बदलले गेले नाही. तळ दुधी, ताकासारखा असेल तर पाणी शिरले आहे, हेड पॅकिंग तपासून घ्या. चकचकीत किंवा तांब्यासारखे कण असतील तर बेअरिंग झिजले आहे. अशा वेळी चेंबर परत चढवू नका, जाणत्या माणसाला दाखवा. पंपाची जाळी डिझेलने धुवा. पूर्वी कोणी सिलिकॉन भरमसाट फासले असेल तर त्याच्या शेवया याच जाळीत अडकलेल्या दिसतील. जाळी चोंदली की चेंबर भरलेले असूनही इंजिन तहानेने मरते.

आता खरे काम

जुने पॅकिंग इंजिनाच्या बाजूने आणि चेंबरच्या बाजूने पूर्ण खरवडा. इंजिन ॲल्युमिनियमचे असेल तर लोखंडी पाते वापरू नका, लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. आधी डिझेलने पुसा. पण डिझेलचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून शेवटचा हात पेट्रोलचा किंवा थिनरचा. त्या वेळी जवळ विडी नको आणि दिवा नको. बोल्टच्या भोकांतले ऑईलही पुसून काढा.

मग चेंबरची कड डोळ्यासमोर आडवी धरा किंवा तिच्यावर सरळ पट्टी ठेवा. बहुतेक वेळा दिसेल की बोल्टच्या प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचलला गेला आहे आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट आहे. हे कोणी केले? गळते म्हणून ज्याने ज्याने बोल्ट अजून आवळला, त्या सगळ्यांनी मिळून केले. पातळ पत्रा बोल्टजवळ ओढला जातो आणि मध्ये पोकळ राहतो. जितके कसाल तितकी पोकळी वाढते. नवे पॅकिंग अशा कडेवर बसवले तर दोन महिन्यांत गळणारच आणि दोष पॅकिंगला लागेल. कडेची खालची बाजू सपाट लोखंडावर ठेवा आणि वर आलेले उंचवटे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सपाट करा. अर्ध्या तासाचे काम आहे. पण गळती थांबते ती या अर्ध्या तासात.

पॅकिंग घेताना जुने सोबत न्या, भोके जुळवून पाहा. कॉर्कचे पॅकिंग थोडे वाकवून पाहा, तडे गेले तर घेऊ नका. दुकानात पडून आकसलेले असेल आणि भोके किंचित आत सरकली असतील, तर काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. ते पसरते. मग पुसून बसवा.

सिलिकॉन किती लावायचे? रबराच्या पॅकिंगवर सपशेल लावू नका. ते निसटते आणि दाबल्यावर बाहेर सरकते. पुढचे टायमिंग कव्हर आणि मागच्या सीलचे कव्हर जिथे इंजिनाला मिळते, त्या सांध्यांवर फक्त बोटभर ठिपका. ज्या इंजिनाला पॅकिंगच नाही, तिथे साधारण ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ ओढा. ती बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने फिरवा आणि सुकायच्या आत चेंबर चढवा. नळीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मगच ऑईल भरा.

चढवताना पॅकिंग घसरते. त्याला आपल्याच कापसाचा उपाय आहे. चार-सहा भोकांतून सुती दोरा ओवून पॅकिंग चेंबरला बांधा. बाकीचे बोल्ट हाताने धरले की दोरा कापून काढा आणि राहिलेले बोल्ट लावा.

कसायचे किती

सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवून बसवा. मग मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. एकाच फेरीत पूर्ण आवळू नका, तीन फेऱ्या करा. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तो प्रमाण. नसेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टाला, म्हणजे ज्याला दहाचा पाना लागतो त्याला, साधारण १ किलोग्रॅम-मीटर एवढाच जोर. सोप्या भाषेत, दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर दहा किलोची ओढ. नांगराचा बोल्ट कसणारा हात इथे कामाचा नाही. पाना डोक्याजवळ धरा आणि मनगटाने फिरवा. पॅकिंग कडेने सगळीकडे सारखे किंचित फुगलेले दिसले की थांबा. पाइप घालून पाना लांब करायचा नाही.

ऑईल सोडायच्या नटाला नवा वॉशर घाला. ऑईल फिल्टरही याच वेळी बदला. पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच ऑईल घ्या. जुन्या डिझेल इंजिनांना बहुधा १५ डब्ल्यू ४० चालते. सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी भरा, मग डिपस्टिक पाहून पुरे करा. सुरू करताना इंजिन बंद करायची केबल ओढून काही सेकंद सेल्फ मारा, म्हणजे ऑईल वर चढते. मग चालू करा आणि ऑईलचा लाल दिवा विझतो का पाहा. दहा मिनिटे संथ चालवून बंद करा आणि खाली पांढरा पुठ्ठा टाका. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासा. त्यानंतर त्यांना हात लावायचा नाही.

काढलेले काळे ऑईल विहिरीजवळ, नाल्यात, बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरले आहे आणि ते उगीच नाही. जनावराच्या जखमेवरही लावू नका, त्यात झिजलेल्या धातूंचा अंश असतो. डब्यात भरून, झाकण लावून, शुद्ध करायला परत पाठवणाऱ्या गॅरेजला द्या.

हे काम केव्हा करायचे

पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो, कारण पुढे पेरणी-काढणीचा सारा भार त्याच खांद्यावर असतो. पिकअपचा भार दसऱ्यापासून सुरू होतो. वेचणी लागली की गाडी एक दिवसही मोकळी मिळत नाही. म्हणून पोळा झाला की त्याच आठवड्यात गाडीखाली जा. गावात दहा गाड्या असतील तर दोन स्टँड, एक जॅक आणि पान्यांचा एक संच मिळून घ्या.

आणि खर्च वहीत लिहा. पॅकिंगचे पैसे, ऑईलचे पैसे, फिल्टरचे पैसे आणि तुमच्या स्वतःच्या दिवसाची मजुरीसुद्धा. क्विंटलमागे उत्पादन खर्च किती, असे कोणी विचारले की आपण बी, खत आणि फवारणी सांगून थांबतो. गाडीखाली काढलेला दिवस आपणच मोजला नाही, तर दुसरा कोणी मोजणार नाही.

डिपस्टिक दर आठवड्याला पाहायची. लाल दिव्याची वाट पाहायची नाही. तो दिवा ऑईल कमी झाले हे सांगत नाही, दाब गेला हे सांगतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. कागदावर उतरवून घ्यायचे ते एवढेच: आधी धुवा, मग शोधा, कड सपाट करा आणि हात हलका ठेवा.

कोणाच्या गाडीचे काही विशेष असेल तर जेवणानंतर बाहेर झाडाखाली बसू. माझे बोलणे संपले.